अनसबस्क्राइब करूनही मेल थांबत नाहीत, त्यात आता स्वतःच्याच पत्त्यावरून धमकी

ओसरी
खातं जीमेलचं. आणखी एका जुन्या खात्याचे मेलही इथेच फॉरवर्ड होतात. दिवसाला साठ-सत्तर मेल, त्यातले कामाचे पाच-सहा. अडचणी अशा:

१) अनसबस्क्राइब केलेल्यांपैकी निम्मे पुन्हा हजर.
२) माझ्याच पत्त्यावरून मला मेल: तुमचं खातं माझ्या ताब्यात आहे, हा घ्या तुमचा पासवर्ड, ४८ तासांत बिटकॉइन पाठवा. पासवर्ड खरा आहे, पण फार जुना.
३) मी कधी न पाठवलेल्या मेलच्या 'पोचवता आला नाही' अशा सूचना, दिवसाला दहा-बारा.

ब्लॉक करून करून बोटं दुखली, उपयोग शून्य. खातं हॅक झालंय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चिमटा
ब्लॉक करणं आधी सोडा. खरा स्पॅमवाला दर खेपेला नवा पत्ता वापरतो, आणि जीमेलमध्ये ब्लॉक म्हणजे त्या एका पत्त्याचे पुढचे मेल स्पॅम फोल्डरमध्ये टाकणं, एवढंच. मेल परत वगैरे जात नाही.

पहिल्या अडचणीपुरतं बोलतो. आलेल्या कचऱ्याचे दोन ढीग करा: ज्यांना तुम्ही कधीतरी पत्ता दिलात ते, आणि ज्यांचं नावही ऐकलेलं नाही ते. अनसबस्क्राइब फक्त पहिल्या ढिगाला. दुसऱ्याला 'रिपोर्ट स्पॅम', आतल्या कुठल्याही लिंकला हात न लावता.

पहिल्या ढिगातही मेलच्या तळाशी बारीक अक्षरातली लिंक शोधत बसू नका. वर, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः 'अनसबस्क्राइब' दाखवतं, ते दाबा. हे बटण मेलच्या हेडरमधल्या (मेलसोबत येणारी, एरवी न दिसणारी माहिती) 'लिस्ट-अनसबस्क्राइब' या ओळीवरून तयार होतं. २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पाठवणाऱ्यांना ही एका क्लिकची सोय सक्तीची केली आहे. गूगलच्या हिशेबात घाऊक म्हणजे जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल. विनंती दोन दिवसांत अमलात आणायची आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मेल आला तर लगेच बोंब मारू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आला तर मात्र खुशाल स्पॅम म्हणा. स्पॅम ठरवल्या जाणाऱ्या मेलचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायचं असतं, म्हणजे हजारात तिघांनी बटण दाबलं तरी पाठवणाऱ्याला घाम फुटतो.

तरीही 'निम्मे पुन्हा हजर' का? दोन कारणं नेहमीची. एकाच कंपनीच्या चार याद्या असतात (ऑफर, बातमीपत्र, 'तुमच्यासाठी खास', भागीदार) आणि तुम्ही एकीतूनच निघालेले असता. दुसरं तुमच्याच पोस्टमध्ये आहे: फॉरवर्डिंग. यादीत नाव आहे जुन्या पत्त्याचं, आणि तळाच्या लिंकवर गेल्यावर तुम्ही टाइप करता नवा. पान 'झालं' म्हणतं, यादी जागची हलत नाही. मेलच्या 'टू'मध्ये कुठला पत्ता आहे ते आधी बघा.

निवडुंग
वरच्याला अनुमोदन, एक भर. मेल उघडला की आतली चित्रं सर्व्हरवरून येतात आणि त्यातलं एखादं डोळ्याला न दिसणारं, १ बाय १ पिक्सेलचं असतं. त्याचा दुवा प्रत्येक पत्त्यासाठी वेगळा, त्यामुळे मेल कोणी उघडला ते पाठवणाऱ्याला कळतं. जीमेल ही चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, म्हणून तुमचा आयपी पत्ता कळत नाही. पण 'हा पत्ता जिवंत आहे' हे तरीही कळू शकतं. सेटिंग्ज, जनरल, इमेजेस इथे 'दाखवण्याआधी विचारा' हा पर्याय निवडा. मेल जरा बोडके दिसतील, दिसू देत.

टपालहंशील
२ आणि ३ या बहुधा एकाच दुखण्याच्या दोन बाजू आहेत, आणि बहुतेक वेळा खातं हॅक झालेलं नसतं.

मेल ज्या नियमांनी ये-जा करतो ते एसएमटीपी १९८२ चं. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय त्यात नव्हती. मेलला दोन 'प्रेषक' असतात: एक पाकिटावरचा, जो सर्व्हर एकमेकांना सांगतात, आणि एक आतल्या पत्रावरचा 'फ्रॉम', जो तुम्हाला दिसतो. दोन्ही पाठवणाऱ्याने स्वतः लिहायचे. आत तुमचं नाव लिहिलं की मेल 'तुमच्याकडून तुम्हालाच' येतो. पाकिटावर तुमचं नाव घालून हजारो लोकांना मेल पाठवले, की त्यातले बंद पडलेले पत्ते 'पोचवता आला नाही' असं तुम्हालाच कळवतात. हीच तुमची ३ नंबरची डोकेदुखी. उपाय फारसा नाही. साधारणपणे काही दिवसांत स्पॅमवाला दुसऱ्याचा पत्ता धरतो. तोवर 'मेलर-डीमन'कडून (अशा सूचना पाठवणारा सर्व्हरचा आपोआप चालणारा पत्ता) येणारं सगळं फिल्टर लावून एका लेबलमध्ये ढकला. डिलीट करू नका, एखादी सूचना तुम्ही खरंच पाठवलेल्या मेलची असायची.

खात्रीसाठी संगणकावर धमकीचा मेल उघडा, उजवीकडचे तीन ठिपके, 'शो ओरिजिनल'. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (पाठवणारा खरा आहे का हे बघणाऱ्या तीन तपासण्या) काय म्हणतात ते इथे लिहा. खालच्या मजकुरातली 'रिटर्न-पाथ' (पाकिटावरचा प्रेषक) ही ओळही. तुमचा पत्ता मात्र खोडून.

ओसरी
धन्यवाद. एसपीएफ: पास. डीकेआयएमची ओळच नाही. डीमार्क: फेल. रिटर्न-पाथमध्ये भलत्याच डोमेनचा (पत्त्यातला @ नंतरचा भाग) पत्ता आहे. पण एसपीएफ पास म्हणजे मेल खरा ना? इथेच गोंधळ होतोय.

टपालहंशील
नाही. एसपीएफ फक्त पाकीट तपासतं: या डोमेनच्या वतीने हा सर्व्हर मेल पाठवू शकतो का? तो भलता डोमेन स्पॅमवाल्याचा स्वतःचा असणार, त्याने त्यावर स्वतःचाच सर्व्हर नोंदवला, म्हणून पास. पत्रावर कोणाचं नाव आहे याच्याशी एसपीएफला देणंघेणं नाही. ते काम डीमार्कचं. पाकिटावरचा डोमेन किंवा डीकेआयएमची सही (पाठवणाऱ्या डोमेनने मेलवर केलेली डिजिटल सही), यातलं एक तरी पत्रावरच्या 'फ्रॉम'शी जुळायला हवं. तुमच्या मेलमध्ये सही नाहीच, पाकीट परकं, म्हणून फेल. मेल तुमच्या खात्यातून गेलेला नाही.

उलट बाजूही लक्षात असू द्या. तिन्ही पास म्हणजे मेल त्या डोमेनवरून आला, इतकंच. डोमेनच लबाड असेल, नावातलं एखादं अक्षर बदललेलं असेल, तर तिथेही तीन हिरवे पास दिसतात.

निवडुंग
आणि पासवर्ड? तो कुठल्यातरी साइटच्या फुटलेल्या डेटातून आलेला. 'हॅव आय बीन पॉन्ड' ही ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली साइट. तिथे पत्ता घातला की तो कुठल्या गळतीत सापडला होता ते दिसतं. तो पासवर्ड अजून जिथे जिथे असेल तिथे बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. पैसे पाठवू नका, उत्तरही नको.

हॅक नाही याची शेवटची खात्री, पाच मिनिटांचं काम: सेंट फोल्डरमध्ये अनोळखी मेल आहेत का. सेटिंग्जमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंगच्या टॅबवर तुम्ही न घातलेलं काही आहे का (खातं बळकावणारे आधी इथेच मेल वळवून ठेवतात, आणि पासवर्ड बदलला तरी फॉरवर्डिंग चालूच राहतं). संगणकावर इनबॉक्सच्या अगदी तळाशी उजवीकडे 'डीटेल्स' असतं, तिथे अलीकडे खातं कुठून उघडलं गेलं ते दिसतं.

रिकामा डबा
पुढच्यासाठी: नवीन ठिकाणी पत्ता देताना जीमेलमध्ये नावापुढे अधिक चिन्ह आणि एखादा शब्द जोडता येतो. नाव+तिकिट, नाव+पुस्तके, सगळं तुमच्याकडेच येतं. पुस्तकांना दिलेल्या पत्त्यावर उद्या कर्जाची जाहिरात आली की पत्ता कोणी विकला किंवा कोणाकडून फुटला ते कळतं, आणि त्या पत्त्यावर आलेलं सगळं फिल्टर लावून उडवता येतं. दोन अडचणी. काही फॉर्म अधिक चिन्ह घेतच नाहीत. आणि चिन्हापासून पुढचं खोडून मूळ पत्ता काढणं स्पॅमवाल्याला डाव्या हाताचा मळ.

त्यापेक्षा टोपणपत्ते (मेल तुमच्या खऱ्या पत्त्याकडे वळवणारे) बरे: फायरफॉक्स रिले, सिंपललॉगिन, ॲपलचं 'हाइड माय ईमेल'. प्रत्येक साइटला वेगळा पत्ता, त्रास झाला की तेवढाच बंद. बँक किंवा सरकारी कामाला मात्र टोपणपत्ता नको. ती सेवा बंद पडली तर पासवर्ड बदलायचा मेलही तुमच्यापर्यंत येणार नाही.

चिमटा
अवांतर, पण सांगून ठेवतो. एखाद्या दिवशी तासाभरात शेकडो 'नोंदणीबद्दल आभार' येऊन कोसळले, तर ते साफ करत बसू नका. पत्ता मुद्दाम शेकडो याद्यांत घातलेला असतो, कारण त्या ढिगात एक मेल लपवायचा असतो: तुमच्या नावे झालेल्या खरेदीचा, पासवर्ड बदलल्याचा किंवा पैसे वळते झाल्याचा. आधी 'ऑर्डर', 'पासवर्ड', 'व्यवहार' हे शब्द मराठीत आणि इंग्रजीत शोधा, स्पॅम फोल्डरसकट. बँकेचं आणि खरेदीचं खातं मेलमधल्या लिंकवरून नाही, थेट जाऊन तपासा. मग उरलेला कचरा.

ओसरी
फिल्टर-फॉरवर्डिंग तपासलं, माझंच आहे. सेंटमध्ये परकं काही नाही. 'टू'मध्ये बहुतेक ठिकाणी जुनाच पत्ता निघाला. आता त्या खात्यात शिरून तिथूनच बटणं दाबतो.

चिमटा
तिथे आहात तोवर फॉरवर्डिंग सरसकट न ठेवता फक्त कामाच्या पाच-सहा पाठवणाऱ्यांपुरतं ठेवा. जुन्या खात्यातच फिल्टर करायचा, 'फ्रॉम'मध्ये ते पत्ते लिहायचे, कृतीमध्ये 'फॉरवर्ड' निवडायचं, आणि सरसकट फॉरवर्डिंग बंद.