मदत हवी आहे: शरीरातलं घड्याळ बरोब्बर चोवीस तासांचं का नाही?

मंडळी, सलग रात्रपाळीचा हा चौथा महिना. पहाटे चारच्या सुमाराला हात गार पडतात, अंगावर शहारा येतो आणि साधी बेरीज दोनदा करावी लागते. शेवटी आठवडाभर तापमापी जवळ ठेवली. संध्याकाळी 36.9, पहाटे चारला 36.2. टक्क जागा असतो, हात चालू असतात, तरी तो खड्डा ठरल्या वेळी पडतोच.

मग वाचत सुटलो. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, सुमारे 20,000 पेशींचा पुंजका हे घड्याळ चालवतो. बाहेरच्या वेळेचा पत्ता लागू दिला नाही तर माणसाचा दिवस सरासरी 24 तास 10 मिनिटांच्या आसपास भरतो. तेवढी चूक रोजचा उजेड दुरुस्त करतो. इथवर कळलं.

पण सूर्य रोज उगवणारच असेल, तर आत वेगळं घड्याळ हवंच कशाला? सगळीकडे एकच उत्तर: आधीपासून तयारी करता यावी म्हणून. जाग यायच्या आधीच कॉर्टिसॉल (अंगाला दिवसाच्या कामाला तयार करणारं संप्रेरक) चढू लागतं, हे त्याचं नेहमीचं उदाहरण. पटतं, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा सापडला तो नीलहरित जीवाणूंत. 1998 सालचा प्रयोग. एका वाणाचं घड्याळ साधारण 23 तासांचं, दुसऱ्याचं 30 तासांचं. वेगवेगळे वाढवले तर दोघेही सारखेच वाढतात. एकत्र ठेवून उजेड-अंधाराचं चक्र 22 तासांचं केलं की पहिला वाण दुसऱ्याला हुसकावतो, 30 तासांचं केलं की उलट. काय सुंदर प्रयोग आहे!

माझं घोडं अडलंय ते माणसापाशी. रात्रपाळीवाल्यांना हृदयविकार, मधुमेह जास्त, हे दाखवून घड्याळाचा उपयोग सिद्ध होतो का? त्यात अपुरी झोप आणि अवेळी जेवणही मिसळलेलं असतं. शिवाय हे आजार बहुधा मुलंबाळं होऊन गेल्यावर गाठतात, मग नैसर्गिक निवडीला त्याचं काय?

दुसरं, ती वरची दहा मिनिटं. उजेड रोज काटे सरकवतोच म्हणून निवडीने तिकडे दुर्लक्ष केलं, की ऋतूंप्रमाणे उजाडण्याची वेळ सरकते तिच्यामागे जायला थोडी ढिलाई मुद्दाम कामाची?

जीवशास्त्रातल्या जाणकारांनी जरा उलगडून सांगा. 'रात्रपाळी सोड' हा सल्ला घरून रोज मिळतो, तो कृपया नको.