‘कार्नाटिक’वर उतरताना काय कुठे शोधायचं? आणि आठ हजार पौंडांचं काय?

खाडीकाठ_कळवा (प्रश्न)

आम्ही ठाणे-कळव्याचे सहा जण एप्रिलअखेर स्कूबा डाइव्हिंगला इजिप्तला जातोय. हुरघाडाहून बोट, तीन दिवस बोटीवरच मुक्काम. लाल समुद्रातल्या शआब अबू नुहासच्या रीफवर (प्रवाळखडकावर) चार बुडालेली जहाजं पडली आहेत, त्यातलं ‘कार्नाटिक’ बघायचंच आहे, कारण ते मुंबईला यायला निघालेलं. चौघांकडे ३० मीटरपर्यंतचं अ‍ॅडव्हान्स्ड कार्ड आहे, दोघांकडे फक्त ओपन वॉटर, म्हणजे १८ मीटरपर्यंतचं पहिलं कार्ड.

फोटोंत सगळं सारखंच दिसतं. फासळ्या आणि त्यांतून फिरणारे मासे, बस. म्हणून तीन प्रश्न:

१) नाळ (जहाजाचं पुढचं टोक) कुठली, इंजिन कुठलं, बॉयलर कसा ओळखायचा?
२) १२ लिटरच्या टाकीत किती वेळ मिळेल? नायट्रॉक्सचे (जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेचे) जादा पैसे द्यावेत का?
३) जहाजावरच्या ४० हजार पौंडांपैकी ८ हजारांचं सोनं अजून खाली आहे म्हणतात, ते खरं का?

जुनीटपाल

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण पाण्याखाली लोकांचा वेळ त्यातच जातो.

पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीचं हे जहाज थेम्सकाठच्या सामुदा ब्रदर्सनी बांधलं, १८६२ मध्ये पाण्यात उतरलं. लांबी २९४ फूट, रुंदी ३८ फूट, १,७७६ टन. वाफेबरोबर शिडंही होती. सुएझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ ला खुला झाला आणि हे फुटलं सप्टेंबरमध्ये, म्हणजे दोनच महिने आधी. तेव्हा विलायतेची टपाल आणि माणसं अलेक्झांड्रियाला उतरत, तिथून रेल्वेने सुएझला येत आणि सुएझला मुंबईच्या बोटीत बसत. तिकडून येणारं जहाज वेगळं आणि इकडे येणारं वेगळं. ‘कार्नाटिक’ या दुसऱ्या टप्प्यावरचं. पोटात टपाल, तांब्याचे पत्रे, दारू आणि सोड्याच्या बाटल्या, शिवाय ४० हजार पौंडांची नाणी.

१३ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर ते रीफवर चढलं. कॅप्टन जोन्सचा हिशेब असा: पंप चालू आहेत, पी अँड ओचंच ‘सुमात्रा’ याच वाटेने यायचं आहे, मग माणसं होड्यांत घालून रात्री प्रवाळावर आपटवायची कशाला? हिशेब अगदीच वेडा नव्हता. पण दुसरी रात्रही जहाजावर काढली. पाणी चढून बॉयलरच्या भट्ट्या विझल्या, भट्ट्या गेल्या की वाफ नाही, वाफ नाही तर पंप नाहीत. १४ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास जहाज दोन तुकडे झालं. ३१ माणसं गेली. बाकीची होड्यांतून शदवान बेटावर पोचली आणि ‘सुमात्रा’ने त्यांना उचललं.

आता सोनं. विमा देणाऱ्यांनी त्याच वर्षी शिरस्त्राणवाले पाणबुडे पाठवले आणि ३२ हजार पौंड वर काढले. उरलेल्या ८ हजारांवर सगळी दंतकथा उभी आहे. पण त्या काळी वर काढलेल्याची मोजणी कंपनीच्या वहीत होई. वाटेत कोणाच्या खिशात गेलं ते वहीत कसं येणार? खाली बघायचं ते तांबं बघा. अरबीत नुहास म्हणजे तांबं. रीफचं नाव याच मालावरून पडलं असं मानतात.

बॉयलरवाला_रबाळे

इंजिनाचं सांगतो, पण आधी एक गैरसमज. ‘जुन्या बोटीचा बॉयलर म्हणजे आडवं गोल पिंप’ हे डोक्यातून काढा. ते पिंप, ज्याला स्कॉच बॉयलर म्हणतात, ते १८७० नंतर रुळलं. १८६० च्या दशकातले सागरी बॉयलर बहुतेक चौकोनी पेटीसारखे, सपाट बाजूंचे. सपाट पत्रा दाबाने फुगतो, म्हणून आत आडव्या सळया (स्टे) लावून समोरासमोरच्या भिंती बांधलेल्या असत. एवढं करूनही दाब २० ते ३० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दीड ते दोन किलो. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात कुठल्याही डाय हाउसमधला (कापड रंगवायच्या कारखान्यातला) पॅकेज बॉयलर १०.५४ किलोचा असतो, आणि तो आकाराने त्याच स्कॉच बॉयलरचा नातू. तेव्हा मधल्या ढिगाऱ्यात गोल पिंप शोधू नका. मोडलेले सपाट पत्रे, सळयांच्या रांगा आणि नळ्यांची भोकं असलेला जाड पत्रा (ट्यूब प्लेट) दिसला की बॉयलरपाशी आहात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो तो.

‘कार्नाटिक’चं खरं वैशिष्ट्य कंपाउंड इंजिन. साध्या इंजिनात वाफ एका सिलिंडरमध्ये काम करून थेट कंडेन्सरला (वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या भागाला) जाते. कंपाउंडमध्ये ती आधी लहान सिलिंडरमध्ये थोडी फुगते, उरलेला दाब मोठ्या सिलिंडरमध्ये वापरला जातो. फायदा नुसता ‘दोनदा वापर’ एवढाच नाही. एकाच सिलिंडरमध्ये वाफ पूर्ण फुगवली, तर त्याच्या भिंती थंड होतात आणि पुढची ताजी वाफ आत शिरताच थोडी पाणी होते. काम दोन सिलिंडरांत वाटलं की प्रत्येकाच्या तापमानातला चढउतार कमी.

कोळशात बघा. साधं इंजिन दर अश्वशक्तीला तासाला ४ पौंडांच्या आसपास खायचं, चांगलं कंपाउंड सव्वादोनपर्यंत येई. उदाहरणाला २,००० अश्वशक्ती धरली, तर दिवसाला ८५ टनांऐवजी ४८ टन. सुएझ ते मुंबई साधारण ३,००० सागरी मैल, ताशी ११ मैलांनी सव्वाअकरा दिवस. म्हणजे एका खेपेत चारशे टनांहून जास्त फरक, आणि तेवढी जागा मालाला. वाटेत एडनला मिळणारा कोळसासुद्धा विलायतेहून जहाजाने आणलेला असे, म्हणून महाग. पी अँड ओने प्रयोगाची हौस म्हणून कंपाउंड घेतलं नव्हतं.

खाली ओळखण्याची खूण: दोन वेगळ्या व्यासांचे सिलिंडर, एकमेकांशेजारी किंवा एकावर एक. तीन चढत्या व्यासांचे दिसले तर ते ट्रिपल एक्स्पान्शन, म्हणजे १८८० नंतरचं, आणि तुम्ही भलत्याच जहाजावर आहात. इंजिनापासून दंडगोल शाफ्ट धरून सरळ मागे गेलात की पंखा आणि सुकाण आपोआप लागतात. दिशा चुकली तर हाच दोर समजा.

लोखंड की पोलाद तेही नजरेला कळतं. त्या काळचं घडीव लोखंड भट्टीतल्या मळीच्या धाग्यांसकट लाटलेलं असे, त्यामुळे गंजताना त्याला सागाच्या फळीसारख्या रेषा पडतात. पोलाद खड्ड्याखड्ड्यांनी गंजतं. अर्थात हात लावायचा नाही, टॉर्च तिरका धरून बघायचं.

नायट्रॉक्स_३२

रबाळेवाल्या दादांनी बॉयलर संपवला, आता हवा.

जहाज डाव्या कुशीवर, तळ २७ मीटरच्या आसपास. रुंदी ३८ फूट, म्हणजे साडेअकरा मीटर. म्हणून वरची कडही पंधराच्या पुढेच. १८ मीटरची मर्यादा असलेले दोघं तिथे लटकून राहतील आणि पहिल्याच मोहाला खाली घसरतील. त्यांनी आधी अ‍ॅडव्हान्स्ड करावं, नाहीतर हा डाइव्ह सोडावा. ‘गाइड सांभाळून घेईल’ हा उपाय नव्हे.

२७ मीटरवर दाब ३.७ बार. पृष्ठभागावर मिनिटाला १८ लिटर घेणारा माणूस तिथे ६६ ते ६७ लिटर घेतो. टाकी १२ लिटरचीच मिळेल असं धरू नका. लाल समुद्रात सर्रास मिळते ती अ‍ॅल्युमिनियमची, ११.१ लिटर. २०० बारला २,२२० लिटर. एक तृतीयांश जायला, एक यायला, एक राखीव असा हिशेब धरला तर पहिल्या ७४० लिटरांत ११ मिनिटं. सांगाडा वरून उघडा आहे, डेकच्या फळ्या कुजून फक्त लोखंडी तुळया राहिल्यात, त्यामुळे ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांतला फरक जाणवत नाही. तिथेच चुकतं. वर उजेड दिसतो, पण दोन तुळयांमधून टाकीसकट माणूस निघेलच असं नाही.

नायट्रॉक्स घ्या. ३२ टक्के ऑक्सिजनला २७ मीटरची समतुल्य खोली (साध्या हवेवर अंगात तेवढाच नायट्रोजन मुरेल ती) २२ मीटर येते: (२७+१०)×०.६८÷०.७९, वजा १०. पाडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या कागदी तक्त्यात (वर येताना सक्तीने न थांबता खाली किती राहता येईल ती मुदत) हवेवर २७ साठी ३० ची ओळ वाचावी लागते, २० मिनिटं. २२ ची ओळ ३७ मिनिटं देते. ३२ टक्क्यांची, ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या आत ठेवणारी कमाल खोली ३३.७ मीटर, तळ त्याच्या वर, म्हणून तीही अडचण नाही. पण बोटीवरच्या प्रत्येक टाकीचं ऑक्सिजन स्वतः अ‍ॅनलायझर लावून मोजा आणि चिकटपट्टीवर लिहा. आणि नायट्रॉक्सने हवा वाढत नाही, मुदत वाढते. सहांपैकी निम्म्यांचा गेज मुदतीच्या आधीच ५० बारवर येईल.

शिसं (खाली जायला कमरेला बांधतात ते): ठाण्याच्या तलावात जमवलेलं वजन तिथे चालणार नाही. गोड्या पाण्याची घनता एक धरा, लाल समुद्राची साधारण १.०२८. माणूस आणि सामान मिळून शंभर किलो असेल तर नुसत्या खारटपणासाठी जवळपास ३ किलो जादा. मालवणच्या मानाने अर्धा किलो पुरे. सूट जाड असेल तर आणखी. पहिल्या दिवशी उथळ जागी टाकी ५० बारवर आली असताना पाच मीटरवर स्थिर राहता येतंय का ते बघा. भरल्या टाकीने तपासलं तर शेवटी बुचासारखे वर याल.

सांगाडे रीफच्या उत्तर बाजूला, वारा आणि लाट तिकडूनच. मोठी बोट दक्षिणेच्या आडोशाला थांबते आणि रबरी होडीतून नेऊन टाकते. उलटी गिरकी मारून थेट खाली जायचं, वर रेंगाळलात की लाट रीफकडे नेते. वर येताना फुगा (एसएमबी) प्रत्येक जोडीकडे हवा. लाथ बेडकासारखी मारा, कात्रीसारखी मारलीत की मागच्याला गाळाशिवाय काही दिसणार नाही.

खाडीकाठ_कळवा

दोघांना कोर्स करायला सांगितलंय, एकजण रुसलाय. अजून एक: तिथे बाटल्यांचे तुकडे पडलेले असतात ना? एखादा तळ उचलला तर कोणाचं काय जातं?

जुनीटपाल

इजिप्तच्या ११७/१९८३ च्या कायद्यात शंभर वर्षांवरची वस्तू पुरातत्त्वाच्या कक्षेत येते. विमानतळावर बॅगेतून निघालेली बाटली ‘तुकडाच होता’ म्हणून सुटत नाही. १९८४ मध्ये ओळख पटेपर्यंत डाइव्हर या जहाजाला वाइनचं जहाज म्हणायचे, एवढ्या बाटल्या होत्या. आता किती उरल्यात ते तुम्हीच बघाल.

बॉयलरवाला_रबाळे

शिवाय घरी टिकत नाही. दीडशे वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेल्या काचेचा वरचा थर झिजून पापुद्र्यासारखा झालेला असतो. वाळला की इंद्रधनुष्यी रंग दिसतात, मग खवले पडतात. लोखंडाचं त्याहून वाईट. आतपर्यंत क्लोराइड मुरलेलं असतं, हवा लागली की आतून गंज फुगतो आणि तुकडा उभा चिरतो. संग्रहालयात तो वर काढल्यापासून ओलाच ठेवतात, सोडियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात मंद विद्युतप्रवाह देऊन क्लोराइड काढतात, पाणी बदलत राहतात. छोट्या तुकड्याला महिने, तोफेला वर्षं. कळव्याच्या गॅलरीतल्या बादलीत होणारं काम नाही.

समुद्रात लोखंड ढोबळमानाने वर्षाला एक दशांश मिलिमीटर जातं. बाजूचे पत्रे म्हणूनच आधी संपले आणि फासळ्या राहिल्या. वरचं प्रवाळाचं कवच ऑक्सिजन अडवून हा वेग कमी करतं. पायातल्या फिनची लाथ लागून ते कवच निखळलं की तिथून पुन्हा ताजा गंज सुरू.

नायट्रॉक्स_३२

रुसलेल्याला सांगा, वरून स्नॉर्कल लावून या जहाजाचं फारसं काही दिसत नाही, रीफची लाट तेवढी दिसेल. आणि शेवटच्या डाइव्हनंतर विमानाला किमान १८ तास ठेवा. तिकीट काढलं नसेल तर सरळ २४ धरून काढा, कैरोचं जोडविमानही त्यातच मोजा.