मदत हवी आहे: 'पुष्पक' विमानाचा आराखडा कुणाकडे आहे का?

नमस्कार मंडळी. मी नाशिकरोडला राहतो. भाच्यासोबत 'पुष्पक'चं एकास दहा मापाचं लाकडी मॉडेल करायला घेतलंय आणि पंखापाशी अडलोय.

पुष्पक म्हणजे बंगळुरूच्या एचएएल या सरकारी विमान कंपनीचं दोन आसनी, वर पंख असलेलं छोटं विमान. पहिलं उड्डाण १९५८ला, इंजिन कॉन्टिनेंटलचं ९० अश्वशक्तीचं. दीडशेच्या आसपास बनली आणि बहुतेक फ्लाइंग क्लबांत गेली. रूप बरंचसं एरोन्का चीफ या अमेरिकन विमानासारखं. म्हणून मी चीफची रेखाचित्रं समोर ठेवून काम सुरू केलं, पण जुन्या फोटोंशी ताडून पाहिलं तर शेपटी आणि पंखाची टोकं जुळेनात. आता चीफवर विसंबावं की नाही, हाच प्रश्न आहे.

एचएएलमध्ये त्या काळी डिझाइनची धुरा आपल्या कोल्हापूरकडच्या डॉ. वि. मा. घाटगे यांच्याकडे होती. १९५१ला उडालेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमानही त्यांचंच. त्यामुळे पुष्पकमध्ये मूळ चीफचं किती आणि बंगळुरूत बदललेलं किती, हे कळलं तर फार बरं होईल.

ओझरच्या एचएएल टाऊनशिपमधल्या निवृत्त काका-काकूंना खास विनंती. ओझरला मिग बनली, पुष्पक नाही, हे ठाऊक आहे. पण बंगळुरूहून बदलून आलेलं कुणी असेलच ना! समोरून, बाजूने आणि वरून अशी तिन्ही रेखाचित्रं हवीत. मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल.

आणि हो, नाशकात बाल्सा लाकूड कुठे मिळतं? मेनरोडला विचारलं तर दुकानदाराने प्लायवूड पुढे केलं.