पद्मिनी पासिंगला नापास: जुन्या गाडीला वेगळा नियम असावा का?

तापीकाठचा
नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, वडिलांनी केळीच्या पट्टीच्या पैशातून घेतलेली. एमएच सुरू व्हायच्या आधीचा तीन अक्षरी नंबर. पहिली पंधरा वर्षं संपल्यावर दर पाच वर्षांनी आरसी वाढवत आलो. पाच वेळा झाली, सहाव्यांदा अडली. मागच्या खेपेला, २०२१ मध्ये, फी ६०० रुपये होती. आता वीस वर्षांवरच्या कारला १०,०००, वर पर्यावरण कर वेगळा. तेही भरायला तयार होतो. पण गाडी नापास.

कागदावर चार शेरे: स्टिअरिंगला जास्त प्ले (मोकळी हालचाल), मागच्या डाव्या चाकाला ब्रेक कमी, हेडलाइट मंद, चेसिस नंबर अस्पष्ट. ब्रेकचं मान्य. चेसिस नंबरचं म्हणाल तर गंजाने दोन आकडे खाल्लेत. टेप लावून पेन्सिल घासली तर ३ आहे की ८ तेच कळेना. तेही मान्य. पण स्टिअरिंग आणि लाइट? ही १०८९ सीसीची, ब्रेकच्या चारही चाकांना ड्रम असलेली, साठच्या दशकातल्या फियाटच्या आराखड्याची गाडी. तिचं स्टिअरिंग पॉवर स्टिअरिंगसारखं कसं लागेल?

गंमत अशी की पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमाने व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ येतं, दहा वर्षं बघायला नको. आमची चाळिशीतली ना नवी ना व्हिंटेज. ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांपुढच्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीच माफ आहे. आपल्याकडे तीस वर्षांवरच्या, वर्षाला हजार किलोमीटरही न फिरणाऱ्या गाड्यांना वेगळं माप का नसावं?

महामार्गवाला, धुळे
नसावं. रस्ता वेगळा आहे का तुमच्यासाठी? सुरत-नागपूर महामार्गावर तुमच्या मागे चाळीस टनी ट्रेलर असतो, त्याला तुमच्या गाडीचं वय दिसत नाही.

आणि प्ले किती ते सांगितलंच नाहीत. जुन्या फियाटला स्टिअरिंग थोडं ढिलं असतंच, एवढं निरीक्षकालाही कळतं. घरी बघा: पुढचं चाक जॅकवर उचला, वरून-खालून धरून हलवा. खडखडलं तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर बेअरिंग ढिलं आहे. तरीही हलत राहिलं तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती उभी पिन, गेली. मग डावी-उजवी बाजू धरून हलवा, तिथे टायरॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा, बोलेल. सगळं घट्ट निघालं तरच ‘आराखडा जुना’ म्हणा.

भो
काय करी राहिना भो तुम्ही लोक! 😄 या माणसाची गाडी वर्षात चार वेळा निघते: लग्नाला, असोद्याच्या भरताला, दसऱ्याला आणि पासिंगला. तिकडे तालुक्याच्या रस्त्यावर काळीपिवळीत चौदा माणसं, टपावर दोन, दाराला लटकलेला एक. ती पास. कापसाचे बोंद रस्त्याच्या अर्ध्यापर्यंत बाहेर आलेला टेम्पो पास. मग फियाटच कशी नापास होते? कारण फियाटवाला भांडत नाही, उन्हात दोन तास उभा राहतो आणि साहेबांना ‘सर’ म्हणतो. माझा धागाकर्त्याला पूर्ण पाठिंबा. मे महिन्यात इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून गाडी चालवणाऱ्या माणसाला सरकारने खरं तर पदक द्यायला हवं.

महामार्गवाला, धुळे
काळीपिवळी पास होते हा काळीपिवळीविरुद्धचा मुद्दा झाला. त्याने पद्मिनीचा ब्रेक लागत नाही.

चाळीसगावची सून
मी सहसा वाचून सोडून देते, पण ‘चार वेळाच निघते’ हे वाचून राहवलं नाही.

आमच्या सासऱ्यांचीही फियाटच होती. तीही क्वचित निघायची. एकदा संभाजीनगरहून परत येताना कन्नड घाट उतरत होतो. पाच माणसं, डिकीत ज्वारीचं पोतं. पुढे ट्रक, म्हणून सासरे सतत ब्रेकवर पाय ठेवून. अर्ध्या घाटात जळका वास आला. मला वाटलं ट्रकचा. मग एका वळणावर त्यांनी पेडल दाबलं ते सरळ खाली पाटापर्यंत गेलं. ते काहीच बोलले नाहीत. स्टिअरिंगखालचा गियर ओढून दुसऱ्यात टाकला, इंजिन असं किंचाळलं की माझा मुलगा जागा झाला. मग हँडब्रेक, आणि डाव्या बाजूच्या कठड्याला घासत गाडी थांबली. दहा मिनिटं कुणी दार उघडलं नाही.

नंतर कळलं, ब्रेक ऑइल किती वर्षं बदललं नव्हतं देव जाणे. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० ला. उकळलं की नळीत वाफ, आणि पेडल दाबलं की दाबली जाते ती वाफ. त्या गाडीत एकच सर्किट, म्हणजे ब्रेक गेला तर चारही चाकांचा जातो. आणि गाडी उभी राहिली म्हणून ऑइल ताजं राहत नाही, उलट त्याकडे लक्षच जात नाही.

ही गाडी महिन्यापूर्वीच पास झाली होती. त्यामुळे मला विचाराल तर सवलत सोडा, तपासणी फार ढिली आहे.

तापीकाठचा
ताई, वाचून अंगावर काटा आला. पण तुमचाच अनुभव सांगतो ना की या पासिंगला अर्थ नाही? मग १०,००० कसले घेतात?

निवृत्त फिटर
एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली, आता घरी दोन-तीन जुन्या गाड्या बघतो. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं चुकतंय.

जुन्या गाडीला सवलत आहेच, फक्त ती कुणाच्या ध्यानात येत नाही. पीयूसी बघा. बीएस-२ (भारत स्टेज-२, प्रदूषणाचं मानक) च्या आधीच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. बीएस-२ च्या गाडीला अर्धा टक्का आणि ७५०. कार्बन मोनॉक्साइडला सहापट आणि हायड्रोकार्बनला दुप्पट सूट झाली की! कारण कारखान्याने तिला तसंच कार्बोरेटर दिलं होतं. हे रास्त आहे. पण किंगपिन कारखान्याने ढिला दिला नव्हता. तो झिजला, कारण ग्रीस भरायच्या निपलमध्ये ग्रीस गेलं नाही. त्याला सूट कशाची?

लाइटचंही तेच. तापीकाठचे भाऊ, १९८६ ला रात्री चोपड्याहून घरी येताना तुमच्या वडिलांना रस्ता दिसत होता ना? लाइट मंद होते कारण रिफ्लेक्टर काळा पडतो, अर्थिंग गंजतं आणि सगळा करंट चाळीस वर्षांच्या स्विचमधून जातो. रिले बसवा, म्हणजे लाइटचा करंट त्या स्विचमधून न जाता थेट बॅटरीतून येईल, अर्थिंगचा पत्रा घासून चकचकीत करा, मग बघा.

आता खरं दुखणं. तुमच्या चार शेऱ्यांत पत्र्याचा शेरा नाही, याचंच मला आश्चर्य वाटतं. या गाडीला वेगळी चेसिस नसते, बॉडी हीच चेसिस. दाराखालचा आडवा पत्रा, ज्याला आम्ही फूटबोर्डाची पेटी म्हणतो, तो गेला की गाडी मधून बसते. वरून पुट्टी आणि रंग, खालून डांबरी अंडरकोट. निरीक्षक काय, मालकालाही दिसत नाही. लोहचुंबक फिरवा, चिकटला नाही तिथे पुट्टी आहे. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक जरा जोरात टेकवून बघा.

भो
फिटर नाना, सगळं खरं. पण सामान आणायचं कुठून? मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीवर सगळ्यांचं दुकान चालायचं. ऑक्टोबर २०२३ ला त्यातली शेवटची रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून दुकानदार ‘येतो येतो’ म्हणतो. आलेलं किंगपिनचं किट सहा महिन्यांत पुन्हा खडखडतं. व्हील सिलिंडरचे रबर तर वहीच्या खोडरबरसारखे.

निवृत्त फिटर
रबराचं खरं आहे. किंगपिनचं नाही. बुश ठोकून बसवले आणि रीमर न मारता, म्हणजे भोक मापात न घासता, पिन घातली की सहा महिनेच टिकणार. सामानाला शिव्या देतात, काम मिस्त्रीने बिघडवलेलं असतं.

मुलगा लेस्टरला
ब्रिटनचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. तिथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला तपासणी माफ आहे, जबाबदारी माफ नाही. खराब गाडी रस्त्यावर आणली तर मालकच अडकतो. मुलाकडे जुनी मिनी कार आहे. माफी असूनही तो दरवर्षी स्वतःहून तपासून घेतो.

मला तिथलं वेगळंच आवडलं. निकाल नुसता पास-नापास नसतो. पास झालेल्या गाडीच्या कागदावरही लिहितात: अमुक टायर झिजत आलाय, तमुक पाइपवर गंज आहे, लक्ष ठेवा. आणि गाडीचा नंबर टाकला की मागच्या तपासण्यांचे शेरे कुणालाही ऑनलाइन वाचता येतात. चाळीसगावच्या ताईंच्या सासऱ्यांना असा एक शेरा मिळाला असता तर?

तापीकाठचा
म्हणजे उद्या गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक मोबाइल काढून दाखवणार, ‘२०२१ ला गंज होता, चाळीस हजार कमी करा’. नको बुवा.

चाळीसगावची सून
आणि लपवून विकलेल्या गाडीत बसून त्याची बायको-पोरं घाट उतरणार. वा.

महामार्गवाला, धुळे
ताईंना +१.

कंटाळलेला
भंगारात द्या, सर्टिफिकेट घ्या, इलेक्ट्रिक घ्या. विषय संपला.

भो
तुमच्या आजोबांची बैलगाडी कुठे विकली हो दादा?

तापीकाठचा
आठवडा झाला, हकीकत सांगतो. चाक उचललं. ब्रेक दाबूनही हललं, दोन्ही बाजूंना. म्हणजे किंगपिन. महामार्गवाले, तेवढं तुमचं. मागच्या डाव्या ड्रममध्ये सिलिंडर गळून लायनर ऑइलने भिजलेले होते. लाइटचं रिलेने खरंच सुधारलं. मी अजून म्हणतो की शेरा कडक होता, पण ठीक.

फिटर नाना, काल ड्रायव्हरच्या बाजूची मॅट काढली. खाली वडिलांनी टाकलेलं गोणपाट, त्याखाली डांबर. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. काढून वाकून बघितलं, भोकातून अंगणातली फरशी दिसत होती. दाराखालच्या पेटीतही तेच, पुढच्या बिजागरीपासून जॅक लावायच्या जागेपर्यंत. आणि मी इथे ‘दोनच शेरे खरे’ म्हणून भांडत होतो. गॅरेजवाला म्हणतो, उद्याच कापतो.

निवृत्त फिटर
त्याला थांबवा. आधी दाराच्या चौकटीत, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत पाइप वेल्ड करून आडवा आधार द्या, मग पत्रा कापा. दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. गाडी चाकांवर समपातळीत उभी हवी, एका जॅकवर नाही. घाई केलीत तर नवा पत्रा बसेल, पण दार कधीच लागणार नाही. आणि चेसिस नंबरच्या पत्र्याला त्याला ग्राइंडर लावू देऊ नका. लेखी परवानगीशिवाय तिथे हात लावला तर ३ का ८ हा प्रश्नच उरणार नाही.