पत कमवावी लागते म्हणे! (जामीनदाराच्या पोराकडून उत्तर)

मुरमाड | २६ मार्च, रात्री १०:४०

परवा हिशेबी यांनी इथे लेख टाकला. सार असं: बँका कर्ज देत नाहीत ही ओरड खोटी, पत कमवावी लागते, सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण) साडेसातशेच्या वर ठेवा, बँक आपणहून दारात येते. ज्यांना हे जमत नाही ते सावकाराकडे जातात आणि मग सरकारच्या नावाने बोटं मोडतात. खाली पन्नास जणांचं 'डोळे उघडणारं लेखन'. माझे डोळे उघडेच होते, फक्त झोप उडाली.

आमच्या वडिलांनी आयुष्यात एक रुपया बुडवलेला नाही. २०१६ साली चुलतभावाने ट्रॅक्टर घेतला, त्याला वडील जामीनदार. सही करायला गेले तेव्हा साहेबांनी चहा पाजला होता, हे अजून कौतुकाने सांगतात. २०१८ च्या दुष्काळात भावाची डाळिंबाची बाग वाळली, हप्ते थकले. पुढे त्याने ओटीएस (बँकेशी एकरकमी तडजोड) करून खातं मिटवलं, नो ड्यूज (बाकी नसल्याचा दाखला) घेतलं, सुटला.

गेल्या वर्षी वडील ठिबकसाठी तालुक्याच्या गावी दुसऱ्या एका बँकेत गेले. पोरसवदा अधिकारी, त्याने स्क्रीनकडे बघून नुसतं "काका, ६१२" म्हटलं. वडिलांना वाटलं गट नंबर विचारतोय. म्हणाले, "नाही साहेब, आमचा गट २४०."

कर्ज अर्थातच मिळालं नाही. आता सांगा, यात पत घालवली कुणी आणि गेली कुणाची?

आणि सावकाराचं म्हणाल तर आज २६ मार्च आहे. ३१ च्या आत सोसायटीचे (गावच्या सहकारी पतपुरवठा संस्थेचे) पीक कर्जाचे १,४०,००० भरायचे, एप्रिलमध्ये तेवढेच परत उचलायचे. नवं-जुनं. मधल्या आठ-दहा दिवसांसाठी पैसे आणायचे कुठून? खताच्या दुकानदाराकडून, शेकडा तीन. आठ दिवस वापरा नाहीतर तीस, तो महिना पुरा धरतो. म्हणजे ४,२००. जाहिरातीत हेच कर्ज शून्य टक्क्याचं असतं.

हिशेबी | २६ मार्च, रात्री ११:२५

लेख नीट न वाचता उत्तर दिलेलं दिसतंय. जामीनदार म्हणजे लग्नातला साक्षीदार नव्हे. मूळ ऋणकोने भरलं नाही तर मी भरीन, असं लिहून दिलेलं असतं. वडिलांबद्दल आदर आहे, पण कागद वाचून सही करायची असते. एकेक किस्सा म्हणजे विदा (डेटा) नव्हे.

दुसरं, २०१७ पासून कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांचा एकेक अहवाल दरवर्षी फुकट मिळतो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, हायमार्क. इथल्या किती जणांनी तो काढलाय?

चहाबिस्कीट | २६ मार्च, रात्री ११:३१

विदा आला. धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न कुठेत?

निवृत्त रोखपाल | २७ मार्च, सकाळी ६:१०

३४ वर्षं राष्ट्रीयीकृत बँकेत काढली, त्यातली ११ ग्रामीण शाखांत. त्यामुळे दोघांनाही थोडं थोडं.

मुरमाड, ओटीएस म्हणजे कर्ज फिटणं नव्हे. उरलेल्या रकमेवर बँकेने पाणी सोडलेलं असतं. नोंद 'सेटल्ड' अशी होते, 'क्लोज्ड' अशी नाही, आणि पुढचा अधिकारी तोच शब्द वाचतो. तुमच्या भावाला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. सांगितलं नसणार, कारण मार्चअखेर एनपीए (थकीत कर्जांचा आकडा) कमी दाखवायचा असतो. हे मी स्वतः केलंय, म्हणून सांगतो.

दुकानदाराचं म्हणाल तर मुदतीत भरलं म्हणून व्याज माफ. मुदत चुकली असती तर सहा टक्के जरी धरले तरी ८,४०० बसले असते. दुकानदाराला दिले ४,२००. म्हणजे त्याने तुमचे निम्मे वाचवलेच की.

खरा रोग वेगळाच आहे. कर्जमाफी. २००८ च्या जानेवारीत एका म्हाताऱ्याने म्हैस विकून आमच्याकडे थकबाकी भरली. २९ फेब्रुवारीला बजेटमध्ये माफी जाहीर झाली. अट अशी की डिसेंबर २००७ ला थकीत असलेलं आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत न भरलेलं. म्हातारा पावती घेऊन काउंटरला आला. म्हणाला, "साहेब, ही पावती तुम्ही घ्या, माझे पैसे मला द्या." काय सांगणार? त्यानंतर त्याच्या वाडीतून वेळेवर भरायला कोण येणार होतं? २०१७ ला दीड लाख, २०१९ ला दोन लाख. दर वेळी पतेचा कचरा होतो आणि वर आम्ही बँकवाले निर्दयी.

मुरमाड | २७ मार्च, सकाळी ७:०२

वा! सावकाराने निम्मे वाचवले! काका, हे वाक्य फ्रेम करून शाखेत लावायला हवं होतं. आमच्या वडिलांना कुठली माफी मिळालेली नाही, कारण ते मूर्खासारखे दर मार्चला भरत आले. तुमचा म्हातारा आणि आमचे वडील एकाच रांगेत उभे आहेत, आणि तुम्ही ती रांग मलाच दाखवताय.

सचिवाचा पोरगा | २७ मार्च, सकाळी ९:४५

वडील विकास सोसायटीचे सचिव होते, तेव्हा नवं-जुनं घरात बघत वाढलो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या ओसरीवर दोन माणसं कायम बसलेली असायची, एक सभासद आणि एक त्याला आठ दिवसांचे पैसे देणारा. दुसऱ्याला सगळे 'शेठ' म्हणायचे, तो ओसरीवरच पावतीचा फोटो काढायचा.

हिशेबी, थोडा इतिहास बघा. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या एकूण कर्जात व्यापारी बँकांचा वाटा ०.९ टक्के निघाला होता. सहकारी संस्थांचा ३.१. बाकी जवळपास सगळा सावकार, व्यापारी, नातेवाईक. बँक आपणहून दारात येते म्हणे! १९६९ ला राष्ट्रीयीकरण करून तिला ढकलत आणावं लागलं.

आणि सोसायट्यांना काय वागणूक मिळते तेही सांगतो. नोटाबंदीत चार दिवस जिल्हा बँकांनी जुन्या नोटा घेतल्या आणि १४ नोव्हेंबर २०१६ ला रिझर्व्ह बँकेने त्यांना मनाई केली. सरकारी आणि खाजगी बँकांना मुभा, आमच्यावर संशय. घेतलेल्या नोटा पुढच्या जूनपर्यंत तिजोऱ्यांत पडून. ऐन रब्बीत सभासद हात हलवत परत जायचे आणि बोलणी वडील खायचे.

पेठेतली | २७ मार्च, दुपारी १:१५

थोडं अवांतर. सहकाराचे एवढे गोडवे चाललेत म्हणून लिहिते. आईने निवृत्तीच्या पैशांतले चार लाख घराजवळच्या पतसंस्थेत ठेवले होते. संचालकांत निम्मे ओळखीचे, एक तर गणपतीला आमच्याकडे आरतीला यायचे. २०१० मध्ये एके दिवशी शटरवर कागद: 'तांत्रिक कारणास्तव व्यवहार बंद'. अवसायक (संस्था गुंडाळून देणी भागवणारा) नेमला. आजवर हातात आलेत ६८,०००. ठेवपावत्या आईने दुधाच्या पिशवीत गुंडाळून देवघराच्या खणात ठेवल्यात. दर दिवाळीला साफसफाईत निघतात, पुसते, परत ठेवते.

सिबिल आमचं बघतात. संस्थेचं कोण बघतं?

हिशेबी | २७ मार्च, दुपारी १:४०

वाईट वाटलं. पण विचारतोच, व्याज किती देत होते? बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त असणार. जास्त परतावा तिथे जास्त जोखीम. हावेला औषध नाही.

पेठेतली | २७ मार्च, दुपारी १:५२

हाव? बँक साडेआठ देत होती, पतसंस्था अकरा. चार लाखांवर वर्षाला दहा हजारांचा फरक, त्यात तिची बीपी-शुगरची औषधं भागायची. तुम्ही शेअर बाजारात टाकता ती गुंतवणूक आणि माझ्या आईची हाव? शब्द मागे घ्या.

चहाबिस्कीट | २७ मार्च, दुपारी १:५५

हिशेबी, या बाबतीत मी ताईंच्या बाजूने. मागे घ्या.

निवृत्त रोखपाल | २७ मार्च, दुपारी ३:३०

हाव हा शब्द चुकलाच. पण ताई, पतसंस्थेच्या ठेवीला विमा नसतो. पाच लाखांचं ठेव विम्याचं संरक्षण बँकांना आहे, नागरी सहकारी बँका धरून. पतसंस्था त्यात येत नाही. पाटीवर 'नागरी सहकारी' वाचलं की माणसाला बँकच वाटते आणि संस्थावालेही तो गैरसमज दूर करायला धावत नाहीत.

पेठेतली | २७ मार्च, दुपारी ३:४८

बँकेत तरी काय दिवे लावले? सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेच्या खातेदारांना आधी सांगितलं, सहा महिन्यांत हजार रुपये काढा. हजार! तेव्हा विमा लाखाचाच होता. लोक रस्त्यावर आल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाला.

निवृत्त रोखपाल | २७ मार्च, दुपारी ४:०५

खरं आहे. १९९३ पासून लाखावरच अडकला होता. याला माझ्याकडे उत्तर नाही.

सचिवाचा पोरगा | २७ मार्च, रात्री ८:२०

थांबा, सगळ्याच पतसंस्थांना एका दावणीला बांधू नका. आमच्या बाजारपेठेत भाजीवाल्या मावशींकडून रोज संध्याकाळी पिग्मीवाला पन्नास-पन्नास रुपये नेतो. कुठली राष्ट्रीयीकृत बँक माणूस पाठवणार आहे टोमॅटोच्या क्रेटजवळ? त्याच पिग्मीवर तिला जूनमध्ये शाळेच्या फीला दहा हजार मिळतात. सिबिल विचारलं तर ती विचारेल, कुठल्या कंपनीचं बियाणं.

बाकी त्या पेठेतल्या संस्थांची 'दामदुप्पट ठेव योजना' असायची ना? गंमत बघा. मूळ दामदुपट हा धर्मशास्त्रातला नियम: मुद्दलापेक्षा जास्त व्याज एका वेळी वसूल करायचं नाही. म्हणजे ऋणकोची ढाल. तीच ठेवीदाराचं आमिष झाली.

मुरमाड | २७ मार्च, रात्री ८:४१

माझ्या धाग्यावर पतसंस्थेचं अवसायन चालू आहे. चालू द्या.

रोखपालकाका, एक प्रामाणिक प्रश्न. दर खरिपाआधी बँकर्स समितीच्या बैठकीत सरकार सांगतं, पीक कर्जाला सिबिल मागू नका. मग शाखेत पहिला प्रश्न तोच कसा येतो?

निवृत्त रोखपाल | २७ मार्च, रात्री ९:३०

कारण बैठक मुंबईत होते आणि कर्ज बुडालं तर मेमो शाखेतल्या पोराला मिळतो. त्याची दोन वर्षांत बदली होणार असते. आमच्या वेळी शाखाधिकारी बांधावर जायचा, विहिरीत डोकवायचा, गोठ्यात किती दावी रिकामी आहेत ते बघायचा. आता स्क्रीन बघतात. आकड्यावर सही केली तर नंतर कुणी विचारत नाही, माणूस बघून केली तर चौकशी लागते. यात हिशेबींचा दोष नाही आणि तुमच्या वडिलांचाही नाही. पण जामीनदारकीबाबत हिशेबी बरोबर आहेत, हे मान्य करा.

मुरमाड | २७ मार्च, रात्री ९:४४

कायद्याने बरोबर आहेत. झालं समाधान?

हिशेबी | २८ मार्च, सकाळी १०:१५

आधी पेठेतली यांच्यासाठी: हाव हा शब्द मागे.

दुसरं, नाइलाजाने लिहितोय. इतरांना उपदेश केला म्हणून काल रात्री स्वतःचा अहवाल काढला. २०१९ मध्ये बंद केलेलं क्रेडिट कार्ड 'चालू' दिसतंय. थकबाकी ५९०. वार्षिक शुल्क ५०० अधिक जीएसटी ९०. गुण सातशेच्या खाली. गृहकर्जाचा अर्ज गेल्या महिन्यात का लटकला ते आता कळलं.

चहाबिस्कीट | २८ मार्च, सकाळी १०:१७

पत कमवावी लागते हो. कागद वाचून सही करायची असते.

मुरमाड | २८ मार्च, सकाळी १०:२०

एकेक किस्सा म्हणजे विदा नव्हे 😊

हिशेबी | २८ मार्च, सकाळी १०:३२

हसा. तुमची पाळी आहे.

निवृत्त रोखपाल | २८ मार्च, सकाळी ११:००

हसून झालं असेल तर दोघांनीही करा: कार्ड देणाऱ्या बँकेला आणि अहवाल देणाऱ्या कंपनीला, दोन्हीकडे लेखी तक्रार, पोच घेऊन. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे. मुरमाड, तुमचं वेगळं आहे, तिथे नोंद चुकीची नसून खरी आहे. भावाने सोडलेली रक्कम भरून खातं 'क्लोज्ड' करून घेता येईल का, हे त्या बँकेला विचारा. नो ड्यूज आणि ओटीएसचं पत्र मला व्यनिने (खाजगी निरोपाने) पाठवा, मजकूर मी लिहून देतो.

मुरमाड | २९ मार्च, रात्री ९:५०

पाठवलं, काका. आभार, आणि फ्रेमवालं वाक्य मागे.

सोसायटीचे आज भरले. दुकानदाराने काउंटरखालून पाचशेची दोन बंडलं आणि वर चाळीस हजार काढून दिले, कागद काही नाही, कॅलेंडरवर २९ च्या चौकोनात आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर लिहिलं, बस.

तिथून वडील परस्पर सोसायटीत गेले, यायला उशीर केला. विचारलं तर कळलं, शेजारच्या बापूंच्या नव्या कर्जाला जामीनदार म्हणून सही करून आलेत. मी डोक्याला हात लावला. तीन दिवस इथे जे चाललंय ते सगळं वाचून दाखवलं होतं त्यांना. म्हणाले, "मग? माझ्या कागदावर त्याचीच सही हाय."