मदत हवी आहे: 'होमस्टेड'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. मी कॅनडात सास्काटूनला राहतो. शेजारच्या आजोबांनी त्यांच्या वडिलांच्या आठवणींची टंकलिखित वही वाचायला दिली आहे. १९०४ साली एकोणीस वर्षांचा हा मुलगा आई-वडील आणि भावंडांसोबत नॉर्थ डकोटाहून बैलगाडीने इथे आला. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तिचा अनुवाद करतोय आणि शब्दांपाशी अडतोय.

कॅनडाच्या १८७२ च्या कायद्यानुसार दहा डॉलर भरले की १६० एकर मिळत. मात्र तीन वर्षं तिथे राहून घर बांधायचं, ठरलेली जमीन वहितीखाली आणायची, तेव्हा ती नावावर होई. या 'होमस्टेड'ला 'वतन' म्हणवत नाही, 'इनाम' तर नाहीच. (जमीनही रिकामी नव्हती. क्री आणि इतर मूळ रहिवाशांशी करार करून सरकारने ती आधीच ताब्यात घेतली होती.) 'कसवटीची जमीन' चालेल का?

दुसरी अडचण नांगरटीची. गवताच्या मुळांनी विणलेली जमीन जूनमध्ये उथळ नांगरायची, मुळं कुजू द्यायची, मग उन्हाळा सरताना तीच तासं उलटून थोडी खोल नांगरायची. हरळीने भरलेल्या काळ्या रानात आपल्याकडे सहा-आठ बैलांचा नांगर धरत, तेव्हाचे शब्द कुणाच्या घरी शिल्लक आहेत का? त्याच मुळांसकट कापलेल्या मातीच्या लाद्या रचून ते घर बांधत. त्यांना 'ढेकळं' म्हटलं तर भिंत कोसळेल असं वाटतं!

सोलापूर, नगर, विदर्भाकडच्या शेतकरी मित्रांनी जरूर सांगा. बोलीतला शब्द असला तरी चालेल, उलट तोच हवा आहे.