शेतातला फाल्गुन-चैत्र : लहानपणच्या आठवणी सांगा

आमच्या घरात ‘वसंत’ म्हणजे धाकटे चुलते. ऋतूला कुणी त्या नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. होळी झाली की सकाळची शाळा सुरू व्हायची आणि दुपारी खळं. आमचा वसंत तो.

गाव मंगळवेढ्याच्या काळ्या रानातलं. मैल-मैलभर झाड नाही, सगळी मालदांडी ज्वारी. तिकडे शाळू म्हणतात. ज्वारी उपटून, कणसं खुडून झाली की खळं करायचं. जमीन चोपायची, शेणानं सारवायची, मधोमध तिवडा म्हणजे खांब रोवायचा आणि कणसं तुडवायला त्याभोवती बैलांची पात धरायची. खळ्यात चप्पल घालून पाऊल टाकलं तर आजी कुठूनही ओरडायची.

आता आमचं काम. पुस्तकातली शेतकऱ्याची मुलं बैलांवर बसून गाणी म्हणतात. आम्हा दोघा पोरांच्या हातात टोपल्या असायच्या. बैलानं शेपूट उचललं की धावायचं आणि शेण खाली पडायच्या आत झेलायचं, नाहीतर धान्य खराब. नेम चुकला की मनगटापर्यंत गरम शेण. तरी आम्ही त्यात शर्यत लावायचो.

उपणणीला, म्हणजे धान्यातलं भुसकट उडवायला, वारं लागायचं. वडील वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर उभे, खालून आई पाट्या भरून द्यायची. वारं पडलं की सगळे नुसते बसून राहायचे. भुसकट मानेत, कानात, पापण्यांत. रात्री राशीपाशी झोपायचो तेव्हा ती खाज झोपू द्यायची नाही, म्हणून चांदणं भरपूर पाहिलं, एवढंच. मापाच्या दिवशी आजोबा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचे नाहीत, ‘लाभ’ म्हणायचे. लाभ, दोन, तीन… शाळेत पाढे म्हणताना मी एकदा ‘लाभ’पासून सुरुवात केली होती. मास्तरही शेतकऱ्याचेच, हसले फक्त.

तुमच्याकडे काय असायचं? खळं, बाग, गुऱ्हाळ, काहीही लिहा. कोकिळा नसली तरी चालेल.

भंडारा जिल्हा

आमच्याकडे मोहफूल. धुऱ्यावर (बांधावर) सहा झाडं होती. होळीच्या आधीच खालचा पालापाचोळा झाडून, पेटवून जागा साफ करत, म्हणजे फूल दिसतं. फूल पडतं रात्री आणि पहाटे. आजी अंधारातच उठवे. झाडाखाली उभं राहिलं की टप… टप… असा आवाज, आणि तो गोड, जड वास. कुणाला तो दारूचा वाटतो, मला आजीच्या लुगड्याचा वाटतो.

वाकून वाकून टोपली भरायची. सूर्य वर आला की फूल सुकायला लागतं, शिवाय गायी-बकऱ्या येतात, म्हणून घाई. एकदा आमच्या आधीच अस्वल येऊन बसलं होतं. आजी म्हणाली, “खाऊ दे त्याले, त्याचंही घर आहे.” आम्ही लांब नहराच्या पाळीवर बसून राहिलो. अस्वल आरामात खाऊन गेलं, आम्ही उरलेलं वेचलं. त्या दिवशी शाळा बुडली.

फुलं अंगणात वाळत घातली की पांढरट-पिवळ्याची तांबूस होत. थोडी घरी राहत, बाकी व्यापारी नेई. माझी वह्या-पुस्तकं त्याच पैशातून येत. धानाच्या बांधीत त्याच सुमारास लाखोळी हे कडधान्य निघे. धान कापायच्या आधीच चिखलात बी फेकून ठेवलेलं असतं, नांगरायची गरज नाही. असं आळशी पीक मला फार आवडायचं.

सिंधुदुर्ग

काजू! आजोबांची गावठी झाडं आणि बाबांनी लावलेली वेंगुर्ला-4 ची कलमं, यावरून घरात कायमचं भांडण. आजोबा म्हणायचे, कलमाच्या बोंडूला (काजूच्या फळाला) चव नाही.

मार्चात झाडाखालच्या बिया गोळा करायचं काम मुलांचं. त्यातल्या मूठभर खिशात जायच्याच. गावातल्या दुकानात काजूबी म्हणजे नाणं होतं. चार बिया दिल्या की गोळ्या, जास्त दिल्या की बर्फाचा गोळा. आजीला हिशोब पक्का कळायचा, पण शिमग्यात पालखी घरी येऊन जाईपर्यंत ती कुणाला ओरडत नसे. मग सगळ्या वर्षाचं एकदम.

एकदा मी आणि चुलतभावानं मोठ्यांना न सांगता बिया भाजल्या. भोकं पाडलेला पत्रा, खाली पातेरा, म्हणजे वाळका पाला. बियांच्या सालीतलं तेल पेटतं हे माहीत होतं, किती पेटतं ते नव्हतं. भुवया गेल्या. वर, अर्धवट भाजलेली बी दातांनी फोडल्यामुळे ओठ उतले, आठवडाभर पेजेवर होतो. आजही पाकिटातले काजू खाताना मला त्यात काहीतरी कमी वाटतं. बहुधा धोका.

गोवा, सत्तरी

वरच्या काजूत भर. आम्ही बिया नाही, बोंडू तुडवायचो. डोंगरात दगडात कोरलेली कोळंबी असते (मासा नव्हे, बोंडू तुडवायची जागा), त्यात पाय धुऊन उतरायचं. पुढे त्या रसाचं काय व्हायचं ते सांगायला नको. मुलांना ताजा नीरो, म्हणजे न आंबलेला रस, मिळायचा. कपड्यांवरचे डाग पावसाळ्यापर्यंत पुरायचे.

लातूरकडून

करडई कुणीच लिहिली नाही? काटे असे की ऊन चढल्यावर हात लावायची सोय नाही. दवानं नरम असते तोवर, तांबडं फुटायच्या आत काढायची. मी हाताला फडकं गुंडाळून जायचो. आई तसंच जायची.

कोल्हापूर

खळ्याच्या मधल्या खांबाला आम्ही मेढ म्हणतो, तिवडा नाही. बाकी आमचा फाल्गुन गुऱ्हाळावर गेला. काहिलीतला रस उकळताना भेंडीचं पाणी घालून मळी काढायची, चुलवाणात जळव्या सतत चिपाडं सारतोय, गुळव्या कुणाचं ऐकत नाही. आम्ही गरम काकवीसाठी वाट्या घेऊन रांगेत. एवढंच, बाकी दात किडले.

मराठवाडा

माझी आठवण तुमच्याइतकी जुनी नाही. 2014 चा मार्च, मी चौथीत होते. गहू कापणीला आलेला, हरभरा काढून ठेवलेला. दुपारी अंधारलं आणि गारा सुरू झाल्या. आधी आम्ही बहीण-भाऊ अंगणात गारा वेचून खात होतो. खूप मजा वाटत होती. वडील दारात उभे होते, काही बोलत नव्हते. भावानं त्यांच्यापुढे ताटभर गारा नेल्या, “बाबा, घ्या.” त्यांनी एक उचलून तोंडात टाकली. दुसऱ्या दिवशी रानात गेलो तर गहू जमिनीला चिकटलेला आणि बांधावर मेलेले पोपट.

नांदेड जिल्हा

सगळं वाचलं, छान आहे. फक्त एक सांगते. या सगळ्या आठवणींत शेत तुमचं आहे. माझे वडील सालगडी होते. आमच्याकडे वर्ष पाडव्याला बदलायचं, म्हणजे साल बदलायचं. मालकाकडून उचल घेतलेली, ती फिटली नाही तर तिथंच आणखी एक साल, फिटली आणि दुसरीकडं चांगलं ठरलं तर गाव सोडायचं. तुमच्या दारात गुढी उभी राहायची तेव्हा आमची भांडी बैलगाडीत चढायची.

वार्षिक परीक्षा असायची एप्रिलात. मी तिसरीची परीक्षा अशा शाळेत दिली जिथं मला कुणी ओळखत नव्हतं. पेपरावर गावाचं नाव जुनंच लिहिलं.

पळस मात्र आम्हीही पाहिला. गाडीतून चांगला दिसतो.

मंगळवेढ्याकडून, पुन्हा

मेढ मान्य. गुळाबद्दल वाद नको.

नांदेडच्या ताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. आमच्याकडेही सालगडी होते. वर मी ‘आम्हा दोघा पोरांच्या हातात टोपल्या’ असं लिहिलं, त्यातला दुसरा त्यांचा मुलगा. झेलण्यात तो माझ्यापेक्षा चपळ होता. एका पाडव्यानंतर तो दिसला नाही, आणि पुढच्या सुगीला दोन्ही टोपल्या माझ्याकडे आल्या, याचंच मला तेव्हा वाईट वाटलं होतं.

काल आईला फोन करून विचारलं, ते लोक कुठं गेले? त्याच्या वडिलांची उचल किती होती ते तिला रुपयासकट आठवतं. गाव आठवत नाही.